शेवटचा हात



रंगकामात थराला 'हात' म्हणतात. पहिला हात, दुसरा हात. आमच्या घरात शेवटचा हात आता माझा असतो.

हे निवृत्त झाल्यापासून रेल्वेच्या छोट्या प्रतिकृती बनवतात. प्लास्टिकचा पातळ पत्रा ब्लेडने कापायचा, चिकटवायचा, रंगवायचा. दीडेक वर्षापासून यांच्या उजव्या हाताला कंप आहे. कापणं-चिकटवणं टेबलावर मनगट टेकून अजून जमतं. पण व्हार्निशचा ब्रश डब्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात ओढावा लागतो. मध्ये थरथरला की वळ उमटतो. "पापडाला तेल लावतेस तसंच आहे," असं म्हणत यांनी ब्रश माझ्या हातात दिला. तसं ते अजिबात नाही, पण मी घेतला.

सध्या बार्शी लाइटचे डबे चालू आहेत. मिरजेहून पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी करत लातूरला जाणारी ती छोटी गाडी सांगली-मिरजेकडच्या अनेकींना आठवत असेल. तिच्या दोन रुळांमधलं अंतर 762 मिलिमीटर. आमची प्रतिकृती 87 पट लहान, म्हणजे हिशेबाने 8.76 मिलिमीटर यायला हवं. तयार रूळ मिळतात 9 मिलिमीटरचे. त्या पाव मिलिमीटरसाठी हे आठवडाभर हळहळले!

व्हार्निश तीन प्रकारचं मिळतं. ग्लॉस म्हणजे नव्या स्टीलच्या डब्यासारखं चकचकीत, मॅट म्हणजे शाळेच्या पाटीसारखं, आणि सॅटिन मधलं. नाव कापडावरूनच आलंय, सॅटिनच्या परकरावर उजेड पडल्यावर दिसते ती चमक. वस्तू 87 पट लहान केली की चमकही लहान करावी लागते, नाहीतर डबा जत्रेतल्या खेळण्यासारखा दिसतो. आणि मॅटने विटकरी रंग मेल्यासारखा होतो, धूळ बसल्यागत. रोज धावणारी, रोज पुसली जाणारी गाडी यांच्या मधलीच असते. म्हणून सॅटिन.

आता आपल्या कामाची गोष्ट. जवळच्या दुकानात मी व्हार्निश मागितलं, तर दुकानदाराने आधी फर्निचरला मारतात ते फ्रेंच पॉलिश पुढे केलं. ते लाखेचं असतं. लाख म्हणजे पळस, बोर, कुसुम या झाडांच्या फांद्यांवर राहणाऱ्या बारीक किड्यांनी अंगाभोवती केलेलं कवच. फांदीवरून ते खरवडतात तेव्हा किती जीव जातात याचा हिशेब कोण ठेवणार? श्रावकाने वर्ज्य करायच्या पंधरा कर्मादानांत लाक्षावाणिज्य आहे, हे पाठशाळेत पाठ केलेलं. तेव्हा वाटायचं, लाखेचा व्यापार आपण कशाला करतोय! व्यापार नाही, पण बाटली विकत घेतली तर गिऱ्हाईक आपणच. शिवाय लाख स्पिरिटमध्ये विरघळवलेली असते आणि स्पिरिट खालचा ॲक्रिलिक रंग सोडवतं. पण ते झालं नसतं तरी मी ती बाटली घरात आणली नसती. शेवटी पाण्यावर आधारित ॲक्रिलिक सॅटिन मागवलं. वासही कमी, ब्रश पाण्याने धुता येतो.

ब्रशचंही तसंच. सेबल म्हणून भारी ब्रश मिळतात, ते मुंगसाएवढ्या एका प्राण्याच्या शेपटीच्या केसांचे. राठ, पांढरट ब्रश बऱ्याचदा डुकराच्या केसांचे. कॅमल हेअर म्हणतात त्यात उंटाचा केस नसतोच, खारीचा किंवा बकरीचा असतो. मी सिंथेटिक घेते, अर्धा इंच रुंद, चपटा. दुकानदार काही म्हणो, या व्हार्निशला तोच चांगला चालतो.

लावायचं कसं ते सांगते. चमक कमी करण्यासाठी सॅटिनमध्ये सिलिकाची अतिबारीक पूड असते आणि ती तळाशी बसते. बाटली जोरात हलवली की बुडबुडे येतात, म्हणून काडीने सावकाश, तळापासून ढवळायचं, कढी फुटू नये म्हणून ढवळतो तसं. नीट ढवळलं नाही तर वरचं ग्लॉस लागतं आणि शेवटी तळाचं पांढुरकं उरतं. आधी प्लास्टिकच्या चमच्याच्या पाठीवर तोच रंग लावून, वर व्हार्निशचा एक हात देऊन बघायचं. डब्यावरचे आकडे-अक्षरं पाण्यात भिजवून चिकटवायची असतात. खडबडीत रंगावर त्यांच्याखाली हवा अडकून चंदेरी दिसतं. म्हणून आधी ग्लॉसचा हात, मग अक्षरं, ती वाळली की सॅटिन. जाड एकापेक्षा पातळ दोन हात बरे. अर्धवट वाळलेल्यावर पुन्हा ब्रश फिरवायचा नाही, कितीही मोह झाला तरी. चाकांची कड मोकळी ठेवायची, कारण रुळातली वीज तिथूनच इंजिनाला मिळते.

आणि वेळ. मी हे काम सकाळी दहा ते दुपारी तीनमध्येच करते. दिवे लागले की चिलटं येतात आणि ओल्या व्हार्निशवर बसलेलं चिलट उठत नाही. दिवसासुद्धा डब्यावर जेवणाच्या ताटावरची जाळी उपडी ठेवते. पावसाळ्यात तर काम बंदच. हवेत ओल असली की व्हार्निश दुधाळ होतं, आणि चातुर्मासात बारीक जीव किती असतात ते तुम्हाला सांगायला नको. यांची कुरकुर असते. चार महिने म्हणजे थोडेथोडके नाहीत, हात असाच राहील याचा भरवसा नाही, असं एकदा म्हणाले. मी म्हटलं, अहो, कापून-जोडून ठेवा तुम्ही, चातुर्मास संपला की सगळ्यांना एकदम हात देते. तेव्हापासून पावसात हे कापतात.

परिग्रहाचा प्रश्न आमच्या सूनबाईंनी काढलाच. एक काचेचं कपाट, तीन फळ्या, त्यापुढे नाही, असं परिमाण यांनी स्वतःच ठरवलंय. तिसरी फळी अर्धी भरली आहे.

खिडक्यांच्या काचा व्हार्निशनंतर लावतात, नाहीतर त्या धुरकटतात. ते काम अजून यांचंच. परवा एका डब्याच्या सोळा खिडक्यांना अडीच तास लागले. चिमटा दोन्ही हातांनी धरून. मी समोर बसून वाटाणे सोलत होते. यांनी मदत मागितली नाही आणि मीही विचारलं नाही.