हातचा येईपर्यंत

१२३४५६७८९८७६५४३२१. सतरा आकडी संख्या. भास्कराचार्यांच्या लीलावतीत एकं-दहंपासून परार्धापर्यंत अठरा स्थानं दिली आहेत. त्यांतल्या ‘मध्य’ या सतराव्या स्थानावर हिचा पहिला १ बसतो, परार्धाच्या एकच घर अलीकडे. एवढी अवाढव्य, तरी पाठ करावी लागत नाही. नऊपर्यंत चढायचं, तसंच उतरायचं.

ही संख्या म्हणजे १११११११११चा वर्ग. चौकटीच्या वहीत हा गुणाकार एकदा हाताने मांडून पाहावा. नऊ ओळी, सगळ्या १च्या, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे. कडेच्या रकान्यात एकच १, पुढच्यात दोन, मग तीन. मधल्यात नऊ, आणि तिथून पुन्हा एकेक कमी. बेरीज कुठेही दहापर्यंत पोहोचत नाही, म्हणून हातचा येत नाही. सगळी शोभा तेवढ्यावर उभी आहे.

अशा संख्यांचा छंद देवळालीत शाळामास्तरकी करणाऱ्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांना होता. यांना त्यांनी ‘डेम्लो’ म्हटलं. हे तेव्हाच्या जीआयपी रेल्वेवरच्या डोंबिवली स्टेशनचं जुनं नाव. कल्पना सुचली ती तिथेच, असं सांगतात. सगळे सारखे नसलेले चार आकडे उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करत राहिलं की शेवटी येते त्या ६१७४मुळे कापरेकर सर्वांना ठाऊक झाले, पण मला त्यांची ही स्टेशनवाली संख्या जास्त आवडते. ६१७४ चकित करते, कारण मात्र चटकन दाखवत नाही. ही सगळं उघड्यावर मांडून बसते. फोडायला घेतली तरी तशीच: १११११११११ म्हणजे १११ गुणिले १००१००१. त्यांतला १११ म्हणजे ३ गुणिले ३७, आणि १००१००१ म्हणजे ३ गुणिले ३३३६६७. ३७ आणि ३३३६६७ दोन्ही मूळ संख्या, तिथे फोड थांबते.

हार्डीसारख्या गणितज्ञाला असल्या गोष्टींचं कौतुक नव्हतं. ८७१२ ही २१७८ची चौपट आणि ९८०१ ही १०८९ची नऊपट, म्हणजे दोन्ही आपल्याच उलट्या रूपाच्या पटीत, हे उदाहरण १९४०च्या आपल्या पुस्तकात देऊन त्याने ते वर्तमानपत्रांतल्या कोड्यांच्या सदरात बसवलं. आकडे दहाच्या पद्धतीने लिहिण्याची आपली सवय, त्यात संख्येचं कर्तृत्व काय? आक्षेप रास्त आहे. पण डेम्लोला तो पुरता लागू होत नाही. आठाच्या पद्धतीत सात वेळा १ लिहून वर्ग करा, १२३४५६७६५४३२१ येतं. संख्या वेगळी, घाट तोच. शिखर त्या त्या पद्धतीच्या पायापेक्षा एकाने कमी.

आता आपल्या पद्धतीत दहा वेळा १ घेऊन पाहा: १२३४५६७९००९८७६५४३२१. मधल्या रकान्याची बेरीज दहा झाली, हातचा १ डावीकडे गेला; तिथल्या नवाचे दहा झाले, पुन्हा हातचा, आणि त्याने आठाचा नऊ केला. हातचा उजवीकडे कधी जात नाही, त्यामुळे उतरण शाबूत राहिली. चढणीवरचा ८ तेवढा गेला.