मागचा डोळा आधी

नाशिक रोड, रविवार दुपार

चि. सोनूस,


काल फोनवर तू विचारलंस की मोटारसायकलला कायमचा कॅमेरा बसवायचाय, कुठला घेऊ. आणि तो कशासाठी हवाय, हे मात्र एका दमात उरकून टाकलंस. घोटीच्या पुढे एका मोटारीनं डावीकडून कापलं, तू पडलीस, आणि जमलेली माणसं ‘पोरगीच वेगात होती’ म्हणाली म्हणून त्या मोटारीच्या दाराच्या पत्र्याचे पैसे तूच भरलेस. ताई माझ्या शेजारीच बसली होती, म्हणून मी नुसतं हं हं करत राहिलो. रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. पैसे का दिलेस गं? गुडघा तुझा फुटला, हँडल तुझं वाकलं, आणि खिशात हात घालणारीही तूच?

हे पत्र तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर टाकतोय, ताईच्या हाती पडायला नको. पण येत्या आठ दिवसांत तिला तू स्वतः सांगायचंस. मी सांगणार नाही.

‘चूक त्याची होती मामा, पण तसं म्हणणारं तिथं कुणी नव्हतं,’ हे तुझं वाक्य काही केल्या डोक्यातून जात नाही. दादांच्या अपघाताच्या वेळीही हेच झालं होतं. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे, आणि ते तू माझ्या तोंडून पूर्वीही ऐकलंयस: रस्त्यावर आपला साक्षीदार आपणच सोबत न्यायचा. दुसरं कुणी थांबेल याचा भरवसा नाही. जखमीला मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १३४-अ घातलं. मदत करणाऱ्याला नाव सांगायचीही सक्ती नाही. तरी गाड्या काचा वर करून पुढे जातात. त्यांना दोष देत बसण्यात मला आता रस नाही.

तू जो फोटो पाठवलास, तो गोप्रोच्या जातीचा, हेल्मेटवर लावायचा कॅमेरा आहे. तो घ्यायचा नाही. त्याची बॅटरी तास-दीड तासात संपते, उन्हात तापला की बंद पडतो, चार्जिंगला लावायचा तर झाकण उघडं ठेवावं लागतं आणि पावसात ते कसं जमणार? शिवाय हेल्मेट हे डोकं वाचवायला असतं, त्यावर काही चिकटवायचं नसतं. केरळच्या परिवहन खात्यानं २०२२ साली हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यांना मनाईच केली. पण माझी खरी तक्रार वेगळी आहे. तो दर वेळी आठवणीनं सुरू करावा लागतो. सकाळी उशीर झालेला असतो, पाऊस भुरभुरत असतो, आणि नेमका त्याच दिवशी तो घरी राहतो. तुझा विसरभोळेपणा मला लहानपणापासून माहीत आहे. चावी फिरवली की सुरू, चावी काढली की बंद, एवढंच ज्याला कळतं तो कॅमेरा तुझ्यासाठी.

असे संच मिळतात. रेकॉर्डिंगचा डबा सीटखाली, दोन भिंगं पुढे-मागे, आणि हँडलजवळ तारेवरचं एक बटण. व्हायोफोचा एमटी१, थिंकवेअरचा एम१ हे त्या घडणीचे. नावाला चिकटून राहू नकोस, पण आत लिथियमची बॅटरी नसून सुपरकपॅसिटर आहे ना, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नकोस. एप्रिलच्या उन्हात उभ्या गाडीच्या सीटखाली लिथियमची बॅटरी फुगते. सुपरकपॅसिटर ते ऊन सोसतो, आणि धडकेत वीज तुटली तरी शेवटची फाइल नीट बंद होईल इतका वेळ देतो. ती शेवटची फाइलच तर आपल्याला हवी आहे.

भिंगं दोन हवीत, आणि पैसे कमी पडले तर पुढच्याचा दर्जा कमी कर, मागच्याचा नाही. दुकानदार पुढच्याच भिंगाचं कौतुक करेल, फोरके काय नि काय. घाटाचं चित्रीकरण करायला ते छान. पण तुझ्यासारखीला मारणारा मागून येतो किंवा बाजूनं कापतो. तो कुठून आला, किती अंतर ठेवून होता, हॉर्न न देता कसा घुसला, हे मागच्याच भिंगात असतं. दिवसा मागून जवळ येणाऱ्याचा वेग तुझ्यापेक्षा थोडाच जास्त असतो, त्यामुळे त्याची नंबरप्लेट काही सेकंद समोर राहते. समोरून येणाऱ्याचं तसं नाही. दोघेही साठच्या वेगात असाल, तर सेकंदाला तीस चित्रं घेणाऱ्या कॅमेऱ्याच्या दोन चित्रांमध्ये एक मीटरहून जास्त अंतर सरकलेलं असतं, आकडे पुसटच येणार. रात्री मागच्या भिंगात नुसता हेडलाइटचा झोत दिसतो. तेव्हा ओलांडून गेलेल्याची मागची पाटी पुढच्या भिंगात पकडायची. काही संचांच्या बटणातच माइक असतो, तसा मिळाला तर नंबर दिसताक्षणी मोठ्यानं वाच.

नंबरासाठी मी इतका का तळमळतो ते सांगतो. धडक देऊन पळालेल्या गाडीचा पत्ता लागला नाही, तर १ एप्रिल २०२२ पासूनच्या केंद्राच्या योजनेप्रमाणे मृत्यूला दोन लाख आणि गंभीर जखमेला पन्नास हजार रुपये मिळतात. बस. नंबर हाती असेल तर त्या गाडीच्या विमा कंपनीला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे उभं करता येतं, उपचार, बुडालेली कमाई, सगळं मागता येतं. चार आकड्यांवर एका घराची पुढची वीस वर्षं ठरतात. मी हे घडताना पाहिलंय, तूही पाहिलंयस.

कार्ड १२८ जीबीचं, सतत लिहिणं सोसणारं, ‘हाय एन्ड्युरन्स’ छाप असलेलं घे. दोन्ही भिंगं मिळून सेकंदाला पंचवीस मेगाबिट धरली तर अकरा तासांचं चित्रण मावतं, मग जुनं पुसून नवं लिहिलं जातं. धक्का जाणवला की फाइल कुलूपबंद करणारा सेन्सर असतो, तो सगळ्यात कमी संवेदनशीलतेवर ठेव. आपल्या रस्त्यांवर प्रत्येक खड्डा त्याला अपघात वाटतो आणि कार्ड कुलूपबंद फाइलींनी भरून जातं.

आता वायरिंग. इथं मी हट्टी आहे, ऐकून घे. संचातून सहसा तीन तारा येतात: एक बॅटरीची, एक चावीवरची, एक अर्थची. रंगावर भरवसा न ठेवता सोबतच्या कागदावर बघ. पहिली बॅटरीला थेट जोडली की गाडी उभी असतानाही कॅमेरा पहारा देतो, आणि दुकानदार तेच मोठं वैशिष्ट्य म्हणून विकतो. मोटारीत ते चालतं. तुझ्या गाडीची बॅटरी आठ अँपिअर-अवरची. कॅमेरा ०.४ अँपिअर खातो असं धर, रात्रीत ती निम्मी झाली की सकाळी स्टार्टर नुसता टकटक करेल. म्हणून पहिल्या दोन्ही तारा एकत्र करून चावीवरच्या प्रवाहाला जोडायच्या, तोही रिलेमार्फत. टेललॅम्पच्या तारेनं रिले ओढायचा आणि कॅमेऱ्याची वीज बॅटरीवरून वेगळ्या फ्यूजमधून आणायची, फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात. एवढ्याशा प्रवाहाला रिले कशाला, असं गॅरेजवाला म्हणेल. त्याला म्हणू दे. उद्या कॅमेऱ्याची तार घासून शॉर्ट झाली तर त्याचा फ्यूज जावा, तुझा हेडलाइट जाऊ नये. कसारा घाटात रात्री हेडलाइट जाणं म्हणजे काय, याचा विचार कर.

गाडीच्या मूळ वायरची साल काढून, तार गुंडाळून काळी टेप मारणारा कारागीर दिसला तर गाडी तिथून बाहेर काढ. इंजिनाच्या उष्णतेनं टेपचा गोंद वितळतो आणि जोड उघडा पडतो. डाग दिलेला जोडही थरथरीनं मोडतो. पक्कडीनं दाबलेला लग आणि वरून हीट श्रिंकची नळी, हाच जोड टिकतो. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघितल्याशिवाय पुढच्या भिंगाची तार बांधायची नाही, सायलेन्सरजवळून तर नाहीच न्यायची. मागचं भिंग नंबरप्लेटच्या वर, प्लेट न झाकता.

आणि देव न करो, पण पुन्हा काही घडलं तर क्लिप व्हॉट्सॲपवर कुणाला पाठवत बसू नकोस. तिथं ती दाबली जाते, मूळ फाइल राहत नाही. कार्ड काढ, लिफाफ्यात ठेव, नवं घाल. जालन्याच्या निवडणुकीवरून गाजलेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली स्पष्ट सांगितलं की मूळ साधन स्वतः कोर्टापुढे आणता येत नसेल तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र लागतंच. आता नव्या भारतीय साक्ष अधिनियमात त्यासाठी कलम ६३ आहे. वकिलाला तेवढं विचार.

लिहितोय खरा, पण जीव थाऱ्यावर नाही. समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी, म्हणजे तुला कसाऱ्यातूनच यावं लागणार, त्याच कंटेनरांच्या गर्दीतून. शुक्रवारी रात्री ऑफिस सुटल्यावर निघतेस हे मला अजिबात पसंत नाही. शनिवारी पहाटे निघालीस तर काय बिघडतं? नाहीतर गाडी स्टँडवर ठेव आणि पंचवटी एक्सप्रेसनं ये. कॅमेरा झालेलं सांगेल, होणारं थांबवणार नाही.

संच आला की कुणालाही एक तार कापू देऊ नकोस. पुढच्या शनिवारी दिवसाउजेडी गाडी घेऊन ये, लग, रिले, पक्कड सगळं माझ्याकडे आहे, जोडणी मी करतो. आणि त्याआधी ताईशी बोल.

तुझा,
मामा