पोट उघडावं लागलं, तर

एम.बी.बी.एस.ची साडेचार वर्षं, इंटर्नशिपचं एक, एम.एस.ची तीन. कागदोपत्री सर्जन एवढ्यात तयार होतो. पुढे नावाला ‘कन्सल्टंट’ लागतं तेव्हा खरा फरक एकच पडतो. रात्री थिएटरमध्ये अडलं, तर ‘सर, जरा येता का?’ असं विचारायला वर कुणी उरत नाही.

पहिल्या वर्षाचा निवासी डॉक्टर रक्त काढतो, ड्रेसिंग करतो, रिपोर्टांमागे धावतो. याला सगळे हमाली म्हणतात. मला ते पटत नाही. रोज पट्टी सोडून बघणाऱ्यालाच कुठली जखम उद्या पिकणार ते आज कळतं. सकाळी तपासलेलं पोट संध्याकाळी त्याच हाताने पुन्हा तपासलं, की थांबायचं की थिएटर लावायचं हे उमगू लागतं. सी.टी. स्कॅन आला तरी ही सवय सुटू नये.

आमच्या विद्येची खरी कसोटी मला पित्ताशयात दिसते. बर्लिनमध्ये लांगेनबुख यांनी 1882 साली पहिल्यांदा ते काढलं. पुढची शंभर वर्षं पोट उघडूनच हे काम होई. 1985 मध्ये जर्मनीतच एरिक म्यूहे यांनी ते दुर्बिणीने केलं आणि 1990 मध्ये डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात. आज तालुक्याच्या गावीही दुर्बीण आहे आणि पेशंट दुसऱ्या दिवशी चालत घरी जातो. हे मोठंच सुख.

पण वारंवार सूज येऊन गेलेलं पित्ताशय आजूबाजूला चिकटून बसतं. पित्ताशयाच्या मुळाशी असलेल्या कॅलोच्या त्रिकोणात मग पित्ताशयाची कापायची नळी आणि यकृताकडून येणारी मुख्य पित्तनलिका सारखीच दिसते. मुख्य नलिका कापली गेली, तर पेशंटचं पुढचं आयुष्य दवाखान्यात जाऊ शकतं. म्हणून स्ट्रासबर्ग यांनी 1995 मध्ये घालून दिलेला दंडक मी शिकवतो: त्रिकोण चरबी आणि चिकट पडद्यांपासून मोकळा करा, पित्ताशयाचा खालचा भाग यकृतापासून सोडवा, आणि पित्ताशयात शिरणाऱ्या दोनच गोष्टी उरल्या याची खात्री करा. तोवर कात्री मागायची नाही.

ती खात्री होत नसेल, तर पित्ताशयाचा थोडा भाग मागे ठेवून बाहेर पडावं, किंवा पोट उघडावं. इथेच मला काळजी वाटते. आमची पिढी सोप्या पित्ताशयांवर, पोट उघडून शिकली आणि मग दुर्बिणीकडे वळली. आताचे निवासी दुर्बिणीवरच वाढतात. पोट उघडलं जातं ते फक्त अवघड पेशंटचं, म्हणजे या निवासींचं पहिलंच उघडं पित्ताशय सगळ्यात बिकट असतं. म्हणून आमच्या युनिटमध्ये तशी वेळ आली, की मोकळ्या असलेल्या प्रत्येक निवासी डॉक्टरला मी थिएटरमध्ये बोलावतो. कुणी रिट्रॅक्टर धरतं, कुणी नुसतं बघतं. एकाच्या हाताला मात्र मी यकृताखाली जाऊ देतो, बोटांनी ओळखू देतो.

संमतिपत्रात ‘गरज पडल्यास पोट उघडून’ अशी ओळ असते. सही करताना ती सहसा कुणी वाचत नाही. नंतर बाहेर येऊन पोट उघडावं लागल्याचं सांगितलं, की नातेवाईक विचारतात, ‘म्हणजे ऑपरेशन फसलं का?’ फसलं नाही. आतलं नीट दिसत नव्हतं, म्हणून तुमच्या माणसाच्या जिवासाठी सर्जनने वाट बदलली. ती ओळ सही करण्याआधी वाचा, आणि उघडायची वेळ कधी येते हे डॉक्टरांना तेव्हाच विचारून घ्या.