पाचाच्या आत

भिवंडीत राहणाऱ्यास वेळेचे मोल निराळे शिकवावे लागत नाही. पूर्णा, राहनाळ, काल्हेर या बाजूची गोदामे, त्यांतून रात्रंदिवस सुटणारे ट्रक आणि अंजूरफाट्यावरची कोंडी हीच त्याची शाळा. आमचा थोरला अशाच एका गोदामात माल रवाना करण्याचे काम पाहतो. माल कोठे, किती वाजता पोहोचला पाहिजे तेथून मागे मोजीत यावयाचे आणि वाटेतल्या प्रत्येक खोळंब्याला त्याचा वाटा देऊन गाडी केव्हा सोडावयाची ते ठरवावयाचे, असा त्याचा उलटा हिशेब. हा हिशेब एके दिवशी समुद्रावर आमच्या कामी येईल, असे आम्हांस कधी वाटले नव्हते.

तसा समुद्र भिवंडीला परका नाही. गावातील एका वस्तीचे नाव आजही बंदर मोहल्ला आहे. परंतु आमच्या डोळ्यांपुढे समुद्रप्रवास म्हटला की उभी राहते ती गोव्याची बोट. 'कोकण सेवक' आणि 'कोकण शक्ती' ही नावे आमच्या बालपणीची. भाऊच्या धक्क्यावर वळकट्या घेऊन बसलेली माणसे, बोट बंदराबाहेर थांबताच धावून येणारे पडाव आणि त्यांत उतरताना आयाबायांनी पोरांना घट्ट धरलेले हात, हे सारे अजून आठवते. त्या बोटी केव्हाच बंद झाल्या. पुढे कित्येक वर्षांनी मुंबईहून गोव्याकडे पुन्हा प्रवासी जहाजे जाऊ लागली, ती मात्र सहलीची, क्रूझची. त्यांतून लोक गावी जात नाहीत, चार दिवस मौजेने घालवून घरी परततात.

आमच्या लग्नाच्या पस्तिसाव्या वाढदिवशी मुलांनी आम्हा उभयतांस अशा जहाजाची तिकिटे दिली आणि स्वतःचीही काढली. फेब्रुवारी 2023 ची गोष्ट. जहाज सकाळी आठला मुरगाव बंदरास लागणार आणि सायंकाळी सहाला सुटणार होते. प्रवाशांनी पाचच्या आत परत चढावे, असा नियम होता. मधल्या वेळात काय करावे, असा प्रश्न निघाला. गोवा म्हटले की आमच्या पिढीचे पाय आपसूक जुन्या गोव्याकडे वळतात. परंतु धाकटी म्हणाली, "आई, जुनं गोवं आपण तीनदा पाहिलं. या वेळी मला पाण्याखालचं पाहायचंय." तिला स्कूबा डायव्हिंग करावयाचे होते. थोरल्याने तत्काळ दुजोरा दिला. दोघांचे हे बोलणे पूर्वीच झाले असावे.

आम्हांस प्रथम आठवली ती तारकर्ली. 24 मे 2022 रोजी तेथे स्कूबा करून परतणारी पर्यटकांची नौका किनाऱ्याजवळ उलटली आणि दोघे जण प्राणास मुकले. त्या बातमीला अद्याप वर्षही झाले नव्हते. आम्ही नको म्हटले. धाकटी रडली नाही, भांडलीही नाही. "मग काय काय विचारायचं ते तुम्हीच ठरवा. सगळी उत्तरं नीट मिळाली तरच जाऊ," एवढेच तिने म्हटले. या वाक्यापुढे आमचा नकार टिकला नाही.

जहाजाच्या वतीने ज्या सहली होत्या त्यांत चर्च होती, किनारे होते, बाजार होता, डायव्हिंग नव्हते. म्हणजे व्यवस्था आपली आपण करणे आले. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. जहाजाने नेलेली सहल उशिरा परतली तर जहाज सहसा तिच्यासाठी थांबते. आपल्या जबाबदारीवर गेलेल्यांसाठी ते थांबत नाही. मागे राहिलेल्याने पुढचे बंदर वा घर स्वतःच्या खर्चाने गाठावे, असा त्यांचा रिवाज.

थोरल्याने कागद घेतला आणि पाचापासून मागे मोजावयास आरंभ केला. गोव्यात बहुतेक डायव्हिंग होते ते ग्रँड आयलंड या बेटाभोवती. जाहिराती पाहाव्यात तर साऱ्या उत्तर गोव्याच्या: कळंगूट, बागा, कोको बीच. मुरगावहून तिकडे जावयाचे म्हणजे झुआरी ओलांडावी लागते, मांडवी ओलांडावी लागते, आणि मग नौकेने फिरून पुन्हा दक्षिणेकडेच यावे लागते. कारण ते बेट मुरगावच्याच बाजूला आहे. त्याने वास्कोजवळचा बोगमाळो किनारा निवडला. बंदरापासून तो मोटारीने अर्ध्या तासाच्या आतबाहेर, आणि तेथून नौकेने बेट पाऊण तासावर. मुर्डेश्वरजवळच्या नेत्राणी बेटाचे पाणी अधिक नितळ असते, असे कोणी सांगितले. पण एका दिवसाच्या मुक्कामात त्याचा विचारही करावयास नको.

मग आमचे प्रश्न. शिकवणारा कोणत्या मान्यताप्राप्त संस्थेचा प्रशिक्षक आहे? नवशिक्या माणसामागे एक प्रशिक्षक की चौघांत एक? नौकेवर प्राणवायूची व्यवस्था आहे काय? प्रत्येकाला जीवरक्षक जाकीट असते काय? हवामानामुळे जहाज बंदरास लागलेच नाही तर आगाऊ पैसे परत मिळतील काय? विमानाने परतणाऱ्यास डायव्हिंगनंतर बारा ते अठरा तास थांबावे लागते, कारण उंचावर हवेचा दाब उतरतो आणि रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होण्याचा धोका असतो. जहाजाने परतणाऱ्यास तेवढी तरी चिंता नव्हती. सर्व उत्तरे समाधानकारक आली. आठवडाभर आधी आरोग्याचा अर्जही थोरल्याच्या फोनवर आला. त्याने तो आपल्यापुरता भरला.

जहाज वेळेवर लागले. दहाच्या सुमारास आम्ही बोगमाळोला होतो. प्रशिक्षक तिशीचा, शांत बोलणारा गोवेकर. त्याने मुलांना वाळूवर बसवून चार गोष्टी समजावल्या. दहा मीटर खाली दाब दुप्पट होतो, म्हणजे वरून नेलेला फुगा तेथे निम्मा होतो. वर येताना तोच फुगा पुन्हा दुप्पट फुगतो. आपली फुप्फुसे म्हणजे असेच फुगे. म्हणून पाण्याखाली श्वास कधी रोखून धरावयाचा नाही, आणि वर येण्याची घाई करावयाची नाही. कान दुखू लागण्यापूर्वीच नाक चिमटीत धरून हलकेच हवा फुंकावयाची. अंगठा वर केला तर 'छान' असा अर्थ होत नाही, 'वर चला' असा होतो. 'ठीक' म्हणावयाचे तर अंगठा व तर्जनी यांचे कडे करावयाचे.

नंतर त्याने अर्ज हाती घेऊन प्रत्येकास तोंडी विचारले, "दमा? लहानपणी तरी?"

थोरला गप्प राहिला. त्याने आमच्याकडे पाहिले. आणि आम्ही, ज्यांनी इतक्या रात्री त्याला उशाशी बसवून श्वास मोजले होते, आम्ही समुद्राकडे पाहू लागलो.

ते क्षण आम्ही विसरू शकत नाही. भिवंडीत आमचे पहिले घर यंत्रमागांना लागून होते. खटाखट वाजणारे माग आणि हवेत तरंगणारा कापसाचा कण हे त्या घराचे वातावरण. त्या धुळीत त्याची छाती भरून येई. पुढे घर बदलले, पंप क्वचित लागू लागला, पण सुटला नाही. त्याने अर्जात 'नाही' लिहिले होते. त्याने हा बेत महिनाभर जपला होता, पैसे भरले होते, आणि त्याचा चेहरा पाहून आमच्याने सत्य बोलवले नाही. मायेपोटी का होईना, आम्ही त्या असत्यात सामील झालो होतो.

"दादाच्या बॅगेत पंप असतो," धाकटी म्हणाली.

थोरल्याचा चेहरा उतरला. प्रशिक्षकाने रागावून काही म्हटले नाही. तो त्याच्याजवळ खाली बसला आणि सांगू लागला: दमेकऱ्याच्या छातीत एखाद्या बारीक नळीत हवा अडकून राहते. जमिनीवर त्याचा खोकल्यापलीकडे त्रास नसेल. पण खालून वर येताना ती अडकलेली हवा फुगली तर फुप्फुस फाटते. डॉक्टरांच्या तपासणीशिवाय आपण त्यास पाण्याखाली नेणार नाही. "भाऊ, समुद्र इथंच आहे," असे म्हणून त्याने अर्जावर रेघ मारली. त्याची निम्मी रक्कमही त्याने परत देऊ केली.

नौकेत थोरला एका बाजूस बसला. बहिणीशी बोलला नाही. बेटाजवळ नांगर टाकला तेव्हा बारा वाजून गेले होते. तेथे एका जुन्या मालवाहू जहाजाचे अवशेष पाण्याखाली आहेत. पाणबुडे त्यास 'सुझीज् रेक' म्हणतात. धाकटी प्रशिक्षकासह शिडीवरून उतरली, तिने हाताचे कडे करून दाखवले आणि ती हिरवट पाण्यात दिसेनाशी झाली. उरले ते केवळ बुडबुडे. बुडबुड्यांचे दोन झुबके कधी जवळ, कधी दूर सरकत होते. आम्ही उभयता ते मोजीत होतो. आमच्या ओठांवर प्रार्थना होती हे सांगावयास नकोच. काही वेळाने थोरला उठून आमच्या शेजारी येऊन उभा राहिला. "डावीकडचे तिचे. ती भराभर श्वास घेते," तो म्हणाला.

ती वर आली ती हसत. प्रशिक्षक म्हणाला, हवा उत्तम आहे, थोड्या पैशांत आणखी एक बुडी होईल, दीड तास लागेल. धाकटीने आशेने आमच्याकडे पाहिले. आमच्याही मनाने होकार दिला होता; तिघांचा बेत एकीवरच आलेला, तिला तरी पुरते सुख मिळो. परंतु थोरल्याने घड्याळ पाहिले आणि म्हटले, "नाही. आता निघायचं." तो सूडाने बोलत आहे, असे आम्हांस वाटले. धाकटीलाही वाटले असावे.

परतीच्या वाटेवर इंजिन खोकले आणि बंद पडले. पन्नास मिनिटे आम्ही लाटांवर डोलत राहिलो. समोर मुरगावचे टोक दिसत होते. नावाडी यंत्र उघडून बसला होता. आमचा धीर राहावा म्हणून प्रशिक्षकाने एक हकीकत सांगितली. दुसऱ्या महायुद्धात गोवा तटस्थ पोर्तुगालच्या ताब्यात होता. जर्मनांची 'एरेनफेल्स', 'ड्राखेनफेल्स' आणि 'ब्राउनफेल्स' ही व्यापारी जहाजे याच बंदरात आसऱ्याला थांबली होती. 9 मार्च 1943 च्या रात्री कलकत्त्याच्या लाइट हॉर्स पथकातील इंग्रज एका बार्जमधून आले आणि त्यांनी 'एरेनफेल्स'वर हल्ला केला. तेव्हा ती जहाजे जर्मन खलाशांनीच बुडवली. त्याच 1943 साली फ्रान्समध्ये कुस्तो आणि गान्यां यांनी, मागताच हवा देणारे, पाणबुड्यास नळीच्या दोरखंडातून मोकळे करणारे उपकरण बनवले. तेच उपकरण सुधारून आज आमच्या धाकटीच्या तोंडात होते. हकीकत गमतीची होती; पण आमचे डोळे मनगटावरून हलत नव्हते.

तीनला दहा कमी असताना आम्ही किनाऱ्यास लागलो. मोटार थोरल्याने दिवसभरासाठी ठरवून ठेवली होती, ती समोरच उभी होती. वास्कोपुढे बंदराच्या रस्त्यावर ट्रकांची रांग लागली होती. तिकडे पाहून थोरला प्रथमच हसला. "हे मी धरलं होतं," तो म्हणाला. चार वाजून दहा मिनिटांनी आम्ही जहाजावर होतो. दुसरी बुडी घेतली असती तर त्या वेळी आम्ही समुद्रातच असतो, आणि सहा वाजता मुरगावच्या टोकावरून जाणारे आपलेच जहाज पाहत राहिलो असतो.

सायंकाळी डेकवर धाकटी त्याच्याजवळ गेली. आम्ही दूर बसलो होतो, तरी ऐकू येत होते. तिने सांगितले की पाणी फार स्वच्छ नव्हते, पण गोबरा एका लोखंडी भोकातून तोंड काढून बसला होता. आपण बाजारात टोपलीत पाहतो तो, येथे आपल्याकडे पाहत होता. पोपटमासा दगड कुरतडतो त्याचा आवाज येतो. आणि स्वतःच्या श्वासाचा आवाज इतका मोठा असतो की भीती वाटते, मग सवय होते. "लहानपणी तुझा श्वास असाच ऐकू यायचा रात्री," ती म्हणाली. "म्हणून सांगितलं रे." बराच वेळ दोघे गप्प होते. मग त्याने विचारले, "गोबरा केवढा होता?"

आम्ही त्याची क्षमा मागितली ती घरी आल्यावर. अर्जावर खोटे त्याने लिहिले होते, पण विचारल्यावर गप्प आम्ही राहिलो होतो. त्याला ते अवघडल्यासारखे झाले. पुढल्या महिन्यात तो स्वतःहून छातीच्या डॉक्टरांकडे गेला, फुंकून करावयाची तपासणी करून आला. डॉक्टरांनी उपचार नियमित घेऊन वर्षभराने पुन्हा येण्यास सांगितले, होकार दिला नाही. तो आता औषध चुकवीत नाही. बोगमाळोचा तो रेघ मारलेला अर्ज मात्र त्याने टाकून दिलेला नाही. गोदामाच्या पावत्यांसोबत कपाटात ठेवला आहे. 'दमा' या शब्दापुढचे 'नाही' त्याने खोडले असून तेथे आपल्या हाताने 'होय' असे लिहिले आहे.