एक दिवस स्टुडिओत

2009 साल. मी बी.एड. करत होते. मालेगावात मामेभावाचा फोटो स्टुडिओ. हजच्या अर्जांची गर्दी आणि त्याचा पोऱ्या आजारी, म्हणून एक दिवस मी मदतीला गेले. पांढऱ्या पडद्यावर पांढरी ओढणी हरवते. बायकांना मी माझी काळी ओढणी द्यायचे.

दुपारी एक दादी आली. मतदार कार्डावरचा तिचा फोटो नुसता काळा डाग होता. तिच्या कपाळावरची ओढणी मी नीट केली.

“बेटी, हंसूं क्या?”

“नको दादी, फॉर्मच्या फोटोत हसायचं नसतं.”

दोन वर्षांनी तिचा मुलगा तो फोटो मोठा करून घ्यायला आला. दादी अल्लाला प्यारी झाली होती. घरात दुसरा फोटो नव्हता. ओठ मिटलेलेच.

आज वर्गात मुलींना ‘हसू नका’ म्हणताना माझी जीभ अडखळते.