पावसाआधीची खरेदी

4 मे 2025, रविवार. डोंबिवली

व्हायोलिनच्या दुसऱ्या गजाचे केस मधोमध कुरतडलेले निघाले. वाजवताना केस तुटला तर बहुधा टोकाशी तुटतो; हे कात्रीने छाटल्यासारखे होते. पेटीचं हिरवं मखमली अस्तर उचकटून पाहिलं, तर कोपऱ्यात बारीक तपकिरी कात. किडा स्वतः कुठेच नाही. त्याला अंधार लागतो, शांतता लागते आणि खायला घोड्याचे केस. रोज हातात असलेल्या गजाच्या वाटेला तो जात नाही. झाकणाला अडकवून आपण विसरून गेलेला गज खातो.

पेटी गुरुजींची. काळी, प्लायवूडची, पितळी आकड्यांची, एक बिजागरी तारेने बांधलेली. न्हाणीघराजवळच्या काट्यावर ठेवली तर व्हायोलिनसकट साडेतीन किलो भरली. त्यात व्हायोलिन अर्धा किलोसुद्धा नाही. म्हणजे आजवर दादरपर्यंत मी मुख्यतः प्लायवूड वाहून नेत आले.

मृगाआधी नवी घ्यायची, असं ठरलं. हे म्हणाले, अस्तर बदल की! बिजागरी बदलायची, अस्तर बदलायचं, मूठ तर आधीच बदललेली. मग त्यात गुरुजींचं काय उरणार?

10 मे, शनिवार

मुंबईतल्या एका मोठ्या दुकानात गेले. विक्रेत्याने पेटी टेबलावर पालथी घातली आणि तिच्यावर बुक्क्या मारल्या. ‘बघा मॅडम, काही होत नाही.’ मी म्हटलं, बुक्क्या मारणारा प्रवासी मला अजून भेटलेला नाही. तो हसला आणि दुसऱ्या पेटीवर बुक्क्या मारू लागला.

सगळ्यात स्वस्त पेटीचं अंग थर्माकोलचं, वरून कापड आणि चेन, 3,800 रुपये. नाकं मुरडण्यासारखी नाही ती. हलकी असते आणि थर्माकोल उष्णता लवकर आत जाऊ देत नाही. पण गर्दीत कुणी कोपर रुतवलं तर झाकण दबतं, आणि झाकणाखाली व्हायोलिनची घोडी, म्हणजे ब्रिज, असते. प्लायची लांबट पेटी भक्कम, ऐसपैस, कागदपत्रांना खण, दोन-चार गजांना जागा. वजन मात्र गुरुजींच्या पेटीएवढंच. फायबरग्लासची, व्हायोलिनच्याच घाटाची, 17,500. कार्बन फायबरची फक्त कॅटलॉगमध्ये होती, लाखाच्या घरात. माझं व्हायोलिन जुनं जर्मन कारखान्यातलं. आत ‘स्ट्रॅडिव्हेरियस’ची चिठ्ठी आहे, तशी ती त्या काळच्या हजारो कारखानी व्हायोलिनांत आहे. त्याला लाखाची पेटी घेणं म्हणजे चाळीतल्या खोलीला किल्ल्याचा दरवाजा बसवणं.

प्रत्येक पेटीत खांद्याच्या आधाराला, म्हणजे शोल्डर रेस्टला, मोठा खण. आम्ही मांडी घालून बसणार, व्हायोलिनचं डोकं उजव्या पायाच्या घोट्यावर टेकवणार. आम्हाला तो आधार कशाला? तेलाच्या बाटलीला मात्र कुठेच जागा नाही. मींड घ्यायला बोटांना तेल लागतं हे पेट्या करणाऱ्यांच्या गावीही नसावं. काही न घेता परतले.

12 मे, सोमवार

दुरुस्तीवाल्या अंकलकडे गेले. मूळचे गोव्यातल्या सासष्टीचे. वडील सिनेमाच्या वाद्यवृंदांत वाजवायचे. गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवत, आणि तिथून तयार झालेले वादक मुंबईच्या स्टुडिओंत येत. प्यारेलालना व्हायोलिन शिकवणारे अँथनी गोन्साल्विस माजोर्ड्याचे, हे अंकल दर भेटीत सांगतात, आजही सांगितलं.

मी दुकानातल्या बुक्क्यांची हकीकत सांगितली. अंकल म्हणाले, ‘बाय, केस बाहेरून बघायचीच नाही. आत हात घाल.’

मग त्यांनी कपाटातली एक पेटी काढून दाखवलं. व्हायोलिनची पाठ पेटीच्या तळाला टेकता कामा नये. वरच्या आणि खालच्या फुगवट्यांखाली उशा असतात. वाद्याने त्यांच्यावर तरंगायचं, मधे पोकळी राहायची. त्यांनी पाठीखालून एक पोस्टकार्ड या बाजूने घालून त्या बाजूने काढलं. पोस्टकार्ड अडलं तर पेटी नापास. कारण असं, की पुढची फळी अडीच-तीन मिलिमीटरची, पाठही मधे थोडी जाड इतकीच. घोडीच्या एका पायाखाली, आतल्या बाजूला, साऊंड पोस्ट म्हणजे पेन्सिलीपेक्षाही बारीक काडी उभी असते. डिंक नाही, सरस नाही, नुसती दाबाने उभी. पेटी पाठीवर आपटली आणि पाठ तळाला टेकलेली असली, तर तो दणका या काडीतून जातो आणि पाठीला तिथेच चीर पडते. पुढची चीर सांधता येते. काडीखालची पाठीची चीर सांधली तरी वाद्याची किंमत गेली ती गेलीच.

नंतर मान. मानेखाली पाळणा हवा आणि वरून रुंद पट्टा. डोकं शेवटच्या भिंतीला लागायला नको. अंकलनी घोडीवर खडू घासला, झाकण लावलं, उघडलं, आणि झाकणाच्या आतल्या कापडावर पांढरी रेघ दाखवली. ही पेटी त्यांच्याकडे का राहिली आहे ते कळलं.

मी विचारलं, भक्कम पेटीत सांधे कसे सुटतात मग? गेल्या पावसात माझ्या व्हायोलिनचा खालचा सांधा सुटला होता, आणि ते पडलं नव्हतं की आपटलं नव्हतं. अंकलना हा प्रश्न आवडला असावा, कारण त्यांनी चहा मागवला. व्हायोलिन सरसाने चिकटवतात, जनावराच्या कातड्याच्या. ऊन आणि ओल एकत्र आली की सरस सैल पडतो. पण तो तसा पडावा म्हणूनच वापरतात. लाकूड फुगतं, आकसतं. अशा वेळी सांधा सुटलेला बरा, लाकूड फुटलेलं नको. सुटलेला सांधा अंकल दोन दिवसांत बसवून देतात. पक्क्या आधुनिक गोंदाने कुणी ‘मजबूत’ केलेलं व्हायोलिन त्यांच्याकडे येतं तेव्हा ते शिव्या देतात, कोकणीतून.

बाहेर पडताना म्हणाले, पडण्याला सगळे घाबरतात. माझ्याकडे येणारी निम्मी व्हायोलिनं पडलेली नसतात, गाडीच्या डिकीत ठेवलेली असतात.

18 मे, रविवार

पुण्याहून भाच्याचा फोन. तो चेलो शिकतो, अर्ध्या मापाचा. ‘मावशी, तू केस बघतेयस ना, माझ्यासाठीपण हार्ड केस बघ.’

बघितली नाही, सरळ नाही सांगितलं. मुलगा वाढतोय, वर्षा-दोन वर्षांत पाऊण माप येईल, मग पूर्ण, आणि प्रत्येक मापाला पेटी वेगळी. शिवाय पूर्ण मापाचा चेलो पेटीत घातला की जवळजवळ माझ्या उंचीचा होतो. अशी पेटी उभी करून ठेवली आणि कुणाचा धक्का लागला की ती मानेवरच पडते. त्यापेक्षा चांगली जाड पिशवी घे म्हटलं, घोडीवर कडक पट्टी असलेली, मानेशी दुप्पट अस्तराची. आणि वर्गात चेलो भिंतीला टेकवू नको, जमिनीवर कुशीवर निजव. चाकं लावलेली पेटी सोसायटीच्या फरसबंदीवरून खडखडत नेणाऱ्यांचं मला नवल वाटतं. तो सगळा थरकाप वाद्याच्याच अंगात जातो.

भाचा हिरमुसला. त्याला खरं म्हणजे पेटीवर स्टिकर लावायचे होते.

26 मे, सोमवार

मृगाआधी म्हणता म्हणता आज मोसमी पाऊस मुंबईत आला. पंचाहत्तर वर्षांत इतक्या लवकर आला नव्हता म्हणे. कुलाब्याला मे महिन्यातल्या पावसाचा 1918 सालचा विक्रम मोडला. वरळीला आचार्य अत्रे चौकाच्या भुयारी मेट्रो स्थानकात पाणी शिरलं, उद्घाटनाला अजून महिनाही झाला नव्हता. आणि माझं व्हायोलिन अजून तारेच्या बिजागरीत.

खुंट्या फुगून घट्ट बसल्या आहेत. गजाचे केस ओल पिऊन लांबले. स्क्रू शेवटपर्यंत फिरवला तरी ताण येईना. हवेतली आर्द्रता चाळीस ते साठ टक्के ठेवा, असं पेट्यांच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. लिहिणाऱ्याला एकदा जुलैत डोंबिवलीला बोलवायला हवं. इथे नव्वद असते. ती साठावर आणणं कुठल्याच पेटीला जमणार नाही. पेटीने एवढंच करायचं की बदल सावकाश होऊ द्यायचा. सभागृहात एसी बावीसवर, बाहेर दमट उकाडा; या दोहोंमधलं अंतर व्हायोलिनने पाच मिनिटांत न कापता तासाभरात कापावं. म्हणून जाड, लाकडी, थोडी श्वास घेणारी पेटी आपल्या हवेत वाईट नाही. रबरी कडेची, पाणी न शिरणारी पेटी पावसाला बाहेर ठेवते, पण ओल्या हातांची, घामाची वाफही आतच कोंडते. अशी पेटी घेतली तर रोज उघडायची शिस्त हवी.

आज इरकलीचा एक जुना तुकडा व्हायोलिनभोवती गुंडाळला. रेशीम बरं असतं म्हणतात, आणि मऊ आहे हे तर दिसतंच.

1 जून, रविवार

रात्री जागून पेट्यांबद्दल वाचत बसले आणि वाद्य हरवल्याच्या गोष्टींत शिरले. 1999 साली न्यूयॉर्कमध्ये चेलोवादक यो-यो मा आपला 1733 सालचा चेलो टॅक्सीच्या डिकीत विसरून उतरला. किंमत पंचवीस लाख डॉलर. नशिबाने त्याच दिवशी सापडला. 2004 साली लॉस एंजेलिसच्या वाद्यवृंदातल्या चेलोवादकाच्या दारातून स्ट्रॅडिव्हेरीचा 1684 सालचा चेलो चोरीला गेला. तो एका नर्सला कचरापेटीपाशी पडलेला दिसला. तिचा मित्र सुतारकाम करणारा. चेलोचं सीडी ठेवायचं कपाट करता येईल, असाही विचार त्यांच्यात झाला होता. पुढे बातमी कळली म्हणून चेलो वाचला.

विसरण्यावर पेटी काय करणार? फोन नंबर लिहून ठेवायचा, झाकणाच्या आतून आणि बाहेरून, दोन्ही ठिकाणी, कारण कागद पडतो.

विमानाचंही आज मोजून पाहिलं. केबिनमध्ये न्यायच्या सामानाची लांबी साधारण 55 सेंटिमीटर असावी लागते. लांबट पेटी 80च्या आसपास. अमेरिकेने 2012 साली कायदा करून टाकला की वरच्या कप्प्यात जागा असेल तर व्हायोलिन आत नेऊ द्यायचं. आपल्याकडे काउंटरवरच्या माणसाचा चेहरा वाचावा लागतो. दिल्लीला जाताना एका विमान कंपनीच्या माणसाने ‘हे लगेजमध्ये टाका’ म्हटलं, तेव्हा मी पेटी उघडून तिथेच सारंगचे चार स्वर वाजवले होते. मग नेऊ दिलं. हा उपाय दरवेळी चालेल असं नाही.

9 जून, सोमवार

मुंब्र्याजवळच्या वळणावर सकाळी समोरासमोरून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांतले प्रवासी एकमेकांना घासून खाली पडले. चार जण गेले. पाठीवरच्या सॅक एकमेकींत अडकल्या, असं सांगतात. रोजची वाट आमची. दिवसभर घरात कुणी नीट बोललं नाही.

दोन पट्ट्यांची, पाठीवर घ्यायची पेटी मी यादीतून काढली. दुकानदार तीच पुढे करतो, हात मोकळे राहतात म्हणून. पण पाठीवरची वस्तू कुठपर्यंत जाते ते आपल्याला दिसत नाही, आणि डब्यात मागची बाई ती ढकलते तेव्हा आपणच कलंडतो.

14 जून, शनिवार

पुन्हा त्याच दुकानात. फायबरग्लासचीच घेतली, पण दुकानात शेवटच्या फळीवर होती ती. हिला नेहमीच्या मुठीखेरीज निमुळत्या टोकाशी आणखी एक मूठ आहे. तिथे धरली की पेटी उभी, अंगालगत, पायाशी राहते. गर्दीत जागा घेते ती मिटलेल्या छत्रीएवढीच. परदेशात भुयारी रेल्वेने फिरणाऱ्या वादकांसाठी ही सोय निघाली. सेंट्रल लाइनला ती जास्त शोभते. वजन सव्वादोन किलो.

विक्रेता बुक्की मारायच्या आत मी व्हायोलिन आत ठेवलं, पर्समधून पोस्टकार्ड काढलं, पाठीखालून सरकवलं. गेलं. खडू काढला तेव्हा त्याने मॅनेजरला बोलावलं. मॅनेजरने सगळं शांतपणे पाहिलं आणि खडू कुठे मिळतो ते विचारलं. पाळणा मानेला थोडा सैल आहे. घरी फेल्टचा तुकडा चिकटवला. 18,200 मागितले, 17,000 दिले. लाल रंगाची शिल्लक होती तीच घ्यावी लागली. या वयात लाल.

शोल्डर रेस्टच्या खणात तेलाची बाटली आडवी बसते, प्लास्टिकच्या डबीत घालून. गळली तर डबीत.

10 जुलै, गुरुवार. गुरुपौर्णिमा

दादरला कार्यक्रम. सभागृहात पोचल्यावर पेटी अर्धा तास बंदच ठेवली. आयोजक दोनदा विचारून गेले, सूर लावायचे नाहीत का? शेजारच्या तंबोऱ्याची गवसणी निघून गेली होती आणि तो थंड हवेत दर पाच मिनिटांनी उतरत होता. तो लावणारा मुलगा माझ्या बंद पेटीकडे हेव्याने पाहत होता. यमनची साथ होती. मधे एकदाच पंचम किंचित खाली आला.

परतीच्या गाडीत एका बाईने विचारलं, आत काय आहे, मशीन? म्हटलं, हो.

जुन्या पेटीवरून घरात वाद आहे. हे म्हणतात माळ्यावर टाकू. शिष्येने ती मागितली आहे, गुरुजींची म्हणून. देईन, पण अस्तर पुरतं काढून, दोन दिवस उन्हात उघडी ठेवून. गेले तीन आठवडे ऊनच पडलेलं नाही, त्यामुळे पेटी गॅलरीत प्लास्टिकखाली आहे, आणि शिष्या रोज फोन करते.