खुंट्यावरचा दुसरा हात

ज्यांच्या नावे सनदा निघाल्या आणि इनामे चालली, त्यांची चरित्रे दप्तरांतून शोधता येतात. परंतु गोदाकाठच्या गंगाखेडास जन्मून पंढरपुरी, नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरी, दासी म्हणून आयुष्य कंठणाऱ्या जनाबाईची सनद मराठी बायकांच्या कंठात राहिली, आणि मला ती प्रथम आढळली तीही तेथेच. पहाटे आजी जात्यात वैरण घालून ओवी म्हणे, आणि त्या ओवीतला विठ्ठल जनीबरोबर दळावयास बसे, यात त्या वयात मला काहीच नवल वाटत नसे. कारण खुंट्यावर दुसरा हात पडला की जड जातेही हलके फिरते, हे मी नित्य पाहत होतो.

पुढे महाविद्यालयात चिकित्सेची गोडी लागली, तेव्हा ही कथा म्हणजे श्रमलेल्या जिवाने स्वतःचे केलेले सांत्वन होय, असे मी मानू लागलो. देवाचे पदक चोरल्याचा आळ घेऊन जनीला चंद्रभागेच्या वाळवंटी सुळावर देण्यास नेले आणि त्या सुळाचेच पाणी झाले, ही आख्यायिका मात्र त्या चिकित्सेत मावेना. कारण वस्तू हरवताच संशयाची पहिली नजर दासीकडे वळावी, हा तीतील तपशील कोणत्याही काळाच्या कचेरीत खरा ठरेल असा आहे. 1947 साली विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्यांस खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना पंढरपुरात उपोषण करावे लागले, हे आठवले म्हणजे, राऊळ सोडून आपण होऊन दासीच्या कोनाड्याशी येणारा तो देव मला अधिकच थोर भासतो.

उत्तरवयात, घरातल्या दीर्घ आजारपणाची शुश्रूषा करताना, त्या कथेतील एक गोष्ट मनात ठसली: एका शब्दाने दळण संपविण्याचे सामर्थ्य ज्याच्या ठायी, तो विठ्ठल ते संपवीत नाही, तो दळतो, शेणी वेचतो, केर भरतो, जनीची वेणी घालतो. कष्टणाऱ्याच्या शेजारी बसल्यावाचून देवाचेही देवपण सिद्ध होत नाही, असा निर्भय दावा जिने मांडला, ती अभंगाच्या अखेरीस स्वतःस नामदेवाची दासी म्हणवीत असली, तरी संतमंडळात तिचे स्थान आपण कोणाच्या आश्रयाने न मोजता तिच्या स्वतःच्या अधिकारानेच मोजले पाहिजे.